दिवा क्रमांक अकरा

मिनोबेच्या व्यापारी संघाचं इतिवृत्त मी लिहिते,
कारण शाई माझ्याच दुकानात मिळते
आणि संघाला ती फुकट परवडते.

पेठेत दुकानं होती एकवीस.
सकाळी शटर वर जाणारी आता नऊ.
रस्त्यावरचे दिवे मात्र पहिल्यापासून सोळा.
ज्याच्या दारात दिवा, त्याच्या माथी बिल,
हा नियम कुणाच्या तरी आजोबांनी केला,
तेव्हा दुकान बंदही पडतं
हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

संघ म्हणजे काय, तर
पहिल्या मंगळवारी हिसानागाच्या तांदळाच्या गोदामात
पोत्यांवर टेकलेली नऊ माणसं,
मध्ये रॉकेलची शेगडी, शेगडीवर किटली.
जानेवारीत बर्फ उपसायचं यंत्र आम्ही भाड्याने आणतो.
शाळेच्या बेसबॉलच्या पोरांना टोप्या देतो,
आठ. नववा मुलगा गावात नाही.
न्हावी शिगेमात्सुचा मणका सरकला
तेव्हा सहा आठवडे पाळीपाळीने
त्याचं शटर आम्ही उघडलं, आत बसून राहिलो.
केस कुणालाच कापता येत नव्हते.
गिऱ्हाईक यायचं, चहा प्यायचं,
वाढल्या केसांनी परत जायचं.

या मंगळवारी विषय एकच.
टोफूवाल्या इवाबुचीने मार्चात दुकान मिटलं,
मुलीकडे गेला, सेंदाईला.
अकरा नंबरचा दिवा त्याच्या दारात.
बिल कुणाच्या?

हिसानागा म्हणाला, काढून टाका.
दुपार झाली तरी माझी भवानी होत नाही,
आणि मी रिकाम्या दुकानावर उजेड पाडू?
कुणी बोललं नाही.
किटली तेवढी बोलत होती.

मग लाकडी खडावा विकणाऱ्या तोमेबाई,
वय नव्वदीच्या अलीकडे किंवा पलीकडे,
ज्यांना ऐकू येत नाही असं आम्ही धरून चालतो,
म्हणाल्या, अकराच्या खालून रात्री ती जाते.
कोण ती?
हायवेवरच्या सुपरमार्केटात गल्ल्यावर असते ती.
साडेअकराला सुटते. सायकल हातात धरून चालते,
तिथे उतार आहे, आणि गटाराचं झाकण फुटलंय.

आता ते सुपरमार्केट म्हणजे
ज्याने एकविसाचे नऊ केले, ते.
टोफूच्या तीन वड्या तिथे अशा भावाला
की इवाबुचीचं सोयाबीनसुद्धा त्यात बसलं नसतं.
म्हणजे त्यांच्या माणसाला आपला उजेड,
हिसानागा म्हणाला, आणि हसला, पण वाईट.
तोमेबाई म्हणाल्या,
माणूस कुणाचं, हे गटार विचारत नाही.

ठराव क्रमांक चार.
दिवा अकराचं बिल नऊ जणांत सारखं वाटावं.
सूचक, तोमेबाई.
अनुमोदकाची जागा बराच वेळ कोरी होती.
मग हिसानागाचा हात वर झाला.
तो ठरावासाठी होता की किटलीसाठी
मी विचारलं नाही. नाव लिहून टाकलं.

फेब्रुवारीत एका सकाळी
माझ्या दाराच्या फटीतून एक पावती आत पडलेली,
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने:
अकरा नंबरचा दिवा तीन रात्री लुकलुकतोय.
तुम्ही त्या वेळी झोपलेले असता, म्हणून कळवते.
खाली आडनाव, कोयानागी.
पेन्सिल टोक काढायला झालेली.

वहीत नोंद केली. बल्ब, एक.
शिडी धरायला शिगेमात्सु आला,
मणक्याला पट्टा बांधून, कुणी बोलावलं नसताना.
पावतीच्या पुढच्या बाजूला छापलं होतं,
दूध एक, टोफू तीन.
हिसानागाला मी फक्त मागची बाजू दाखवली.
शिडी त्याचीच होती.